उद्या बोलू

उपचारापूर्वीचा शेवटचा झटका श्रुतिका मगदूमला सांगलीच्या मार्केट यार्डात आला. हळदीतलं कुरकुमिन तपासून दाखला देणाऱ्या एका खासगी प्रयोगशाळेत ती कामाला होती, आणि हंगामात नमुने घ्यायला आठवड्यातून तीनदा तरी तिला यार्डात जावं लागे. त्या दिवशी सौदा सुरू होता. पोटातून काहीतरी वर चढत आल्यासारखं तिला वाटलं, जळक्या रबराचा वास आला, आणि पुढचं काही कळलं नाही. शुद्धीवर आली तेव्हा ती हळकुंडांच्या ढिगावर आडवी पडली होती. कपडे ओले झाले होते. भोवती माणसं जमली होती आणि दोघं-तिघं मोबाइल धरून चित्रण करत होते.

अभिनंदन, तिचा नवरा, वीस मिनिटांत आला. ठिबक सिंचनाचं साहित्य विकणाऱ्या कंपनीत तो अधिकारी होता आणि त्याचं ऑफिस जवळच होतं. त्यानं माणसं हटवली, स्वतःचं जाकीट काढून तिच्या कमरेला बांधलं, रिक्षा बोलावली. रिक्षात बसल्यावर तो रुमालानं तिच्या गालावरची हळद पुसू लागला.

"राहू दे," ती म्हणाली. "अशी जायची नाही ती."

"गप बस जरा," तो म्हणाला आणि घर येईपर्यंत पुसत राहिला.

हे आधी सांगायला हवं, कारण पुढची हकीकत ऐकून लोक अभिनंदनला सरळ नालायक ठरवतात. तो तसा नव्हता. श्रुतिकाला नवव्या वर्षापासून फेफरं येत होतं आणि तिच्या वडिलांनी, अप्पांनी, लग्न ठरवताना ते लपवलं होतं. लग्नानंतर सोळाव्या दिवशी ते उघडं पडलं. मुलगी परत पाठवायची भाषा मगदूमांच्या घरात झाली तेव्हा अभिनंदन एकटा आडवा आला. पुढची नऊ वर्षं बायकोनं न्हाणीघराला आतून कडी लावायची नाही, गॅसपाशी एकटीनं थांबायचं नाही, मुलगी झाल्यावर तिला, आता पाच वर्षांच्या अन्वीला, कडेवर घेऊन जिना उतरायचा नाही, हे सगळं त्यानं न चिडता सांभाळलं. औषधं बदलून झाली, डॉक्टर बदलून झाले. झटके काही थांबले नाहीत.

२०४१ साली मिरजेत एक नवं मेंदू-उपचार केंद्र निघालं. तिथल्या डॉ. रेहाना मुजावर मूळच्या मिरजेच्याच, बरीच वर्षं बाहेर संशोधन करून परतलेल्या. त्यांनी श्रुतिकाचे सगळे रिपोर्ट दोनदा पाहिले आणि मग खुर्ची पुढं ओढून बसल्या.

"तुमच्या मेंदूत काय होतंय ते सांगते. दोन चेतापेशींच्या मध्ये अगदी बारीक फट असते. एक पेशी त्या फटीत ग्लुटामेट नावाचं रसायन सोडते, ते दुसरीला जाऊन भिडतं आणि दुसरी जागी होते. निरोप पोचला. पण निरोप पोचल्यावर ते ग्लुटामेट तिथून उचललं गेलं पाहिजे. नाही उचललं, तर दुसरी पेशी जागीच राहते, ती शेजारणीला जागं करते, आणि बघता बघता वणवा पसरतो. त्यालाच तुम्ही झटका म्हणता. आणि ते फार साचून राहिलं तर पेशी मरतातसुद्धा."

"मग ते उचलतं कोण?" श्रुतिकानं विचारलं.

"तारकापेशी. चांदणीसारख्या दिसतात म्हणून तसं नाव. लोकांना वाटतं, मेंदू म्हणजे नुसत्या चेतापेशी. पण त्यांना सांभाळणाऱ्या या पेशी असतात, आणि प्रत्येक फटीभोवती त्यांच्या पातळ फांद्या लपेटलेल्या असतात. त्या फांद्यांवर वाहक प्रथिनं असतात. ती ग्लुटामेट आत ओढून घेतात, आत त्याचं ग्लुटामिन करतात, म्हणजे ज्यानं कोणी जागं होत नाही असं काहीतरी, आणि ते चेतापेशीला परत देतात. ती त्याचं पुन्हा ग्लुटामेट बनवते. असं हे दिवसभर चाललेलं असतं."

"यार्डातल्या हमालांसारखं," श्रुतिका म्हणाली. "सौदा झाला की पोती उचलायची. नाहीतर पुढचा सौदा लागत नाही."

डॉक्टर हसल्या. "अगदी तसंच. तुमच्याकडं मेंदूच्या एका भागात हमाल कमी पडतायत. आम्ही ते वाढवणार."

उपचार असा होता. आतून पोकळ केलेल्या एका विषाणूत वाहक प्रथिनाचं जनुक भरून ते रक्तातून मेंदूच्या नेमक्या भागात पोचवायचं. हे जनुक आपणहून चालू होत नाही. ते चालू राहावं म्हणून दंडाच्या कातडीखाली काडेपेटीतल्या काडीएवढी एक कांडी बसवायची. तिच्यातून औषध झिरपत राहतं तोवर जनुक जागं. कांडी वर्षाला बदलायची. काढून टाकली की वाहक हळूहळू पहिल्यासारखे कमी होतात.

"भाग कुठला?" अभिनंदननं विचारलं.

"कानांच्या वरच्या बाजूला, आत खोलवर. बदामाच्या आकाराचा एकेक भाग असतो दोन्हीकडं. भीती, दुःख, जिव्हाळा यांचा तिथं संबंध असतो. झटका तिथून सुरू होतोय."

या शेवटच्या वाक्यांकडं तिघांपैकी कोणीच फारसं लक्ष दिलं नाही.

उपचार लागू पडला. एक महिना गेला, तीन गेले, वर्ष गेलं. श्रुतिका स्कूटर शिकली. अन्वीला मागं बसवून ती कृष्णेच्या घाटावर गेली आणि तिथं बसून दोघींनी भेळ खाल्ली. न्हाणीघराला आतून कडी लावून तिनं तासभर अंघोळ केली, आणि बाहेर आल्यावर अभिनंदनला म्हणाली, "आज मला पहिल्यांदा मी मोठी झाल्यासारखं वाटतंय." त्यानं तिला जवळ घेतलं. ते वर्ष त्यांच्या संसारातलं सगळ्यात सुखाचं वर्ष होतं. श्रुतिका अजूनही ते नाकारत नाही.

दुसऱ्या वर्षी अप्पा गेले.

श्रुतिका जयसिंगपूरला माहेरी पोचली तेव्हा ती धाय मोकलून रडली. अप्पांच्या पायांवर डोकं ठेवून ती इतकी रडली की मोठ्या बहिणीला, स्नेहलला, तिला ओढून बाजूला करावं लागलं. तिसऱ्या दिवशी सकाळी स्नेहल माजघरात आली तर श्रुतिका चहा पीत प्रयोगशाळेतल्या मैत्रिणीशी फोनवर हसून बोलत होती.

"मी आज निघते ताई," फोन ठेवून ती म्हणाली. "नमुने खूप साठलेत."

स्नेहल तिच्याकडं बघत राहिली. "अप्पा जाऊन दोन दिवस झालेत, श्रुती."

"माहितीये गं. पण आता बसून काय होणार?"

लोकांनी तिला धीराची म्हटलं. तिलाही तसंच वाटलं. एवढी वर्षं आजारानं आपल्याला दुबळं केलं होतं, आता मन घट्ट झालंय, असं ती समजली. फक्त स्नेहलला ते लागलं आणि ती बहिणीशी वर्षभर मोजकंच बोलली. श्रुतिकाला याचं वाईट वाटलं, म्हणजे स्नेहलनं फोन तोडला त्या संध्याकाळपुरतं.

खरी गोष्ट काय आहे ते पहिल्यांदा अभिनंदनच्या ध्यानात आलं. नऊ वर्षं तो तिच्यावर नजर ठेवून होता, तिच्यातला बारीकसा फरक ओळखायची त्याला सवय होती. त्यानं पाहिलं की भांडण कितीही कडाक्याचं होवो, उद्यापर्यंत ते टिकत नाही. श्रुतिका विसरत नव्हती. काय बोलणं झालं ते शब्दन् शब्द तिला आठवे. त्यातली धग मात्र उरलेली नसे. जणू शेजारच्या घरातलं भांडण असावं, तसं ती ते सांगे.

मग अभिनंदन एक वाक्य शिकला. वाद वाढला की तो म्हणायचा, "उद्या बोलू." आणि उद्या बोलण्यासारखं काही राहिलेलं नसायचं.

सुरुवातीला हे लहानसहान बाबतींत होतं. मग त्याच्या ऑफिसात मानसी नावाची बाई बदलून आली. आठ-नऊ महिन्यांनी एका रविवारी दुपारी, अन्वी शेजारी खेळायला गेलेली असताना, त्यानं श्रुतिकाला सगळं स्वतःहून सांगितलं. त्या वेळी तरी त्याचा हेतू वाईट नव्हता. लपवणं त्याला जड जात होतं.

श्रुतिका भिंतीला टेकून खाली बसली.  मग तिनं त्याची कपाटातली कपडे ठेवायची बॅग काढून दारात नेऊन ठेवली.

"तू जा. आत्ता जा. अन्वी यायच्या आत जा."

"श्रुती, ऐक. उद्या बोलू."

तो गेला नाही. बॅग दारात तशीच राहिली. मंगळवारी सकाळी श्रुतिकानं ती उचलून जागेवर ठेवली आणि डब्याला घेवडा करू का वांगी, असं त्याला विचारलं. मानसीचं तिला पक्कं आठवत होतं. हे चूक आहे हेही कळत होतं. पण त्यासाठी घर मोडायचं, अन्वीला दोन घरांत वाटायचं, इतकं काही जोरानं आतून येत नव्हतं.

त्या सकाळी अभिनंदन डबा घेऊन जिना उतरताना मधल्या पायरीवर थांबला. त्यानं नंतर स्नेहलला सांगितलं की त्या क्षणी त्याला हायसं वाटलं आणि भीतीही वाटली, आणि मग हळूहळू भीती गेली. मानसीचं प्रकरण चालूच राहिलं.

दर सहा महिन्यांनी श्रुतिका मिरजेला तपासणीला जायची. झटके? नाहीत. झोप? चांगली. भूक? चांगली. चिडचिड, उदासपणा? नाही. दुःख किती दिवस टिकतं, असा प्रश्न त्या फॉर्मवर नव्हता. तिचा अहवाल केंद्राच्या उत्तम अहवालांपैकी एक म्हणून परिषदांमध्ये दाखवला गेला.

अन्वी नऊ वर्षांची झाल्यावर अभिनंदननं तिला कोल्हापूरच्या बाजूच्या एका निवासी शाळेत घालायचं ठरवलं. शाळा चांगली होती, शिस्तीची होती. घरातलं बोलणं मुलीच्या कानावर पडू लागलं होतं, हेही एक कारण होतं, ते त्यानं सांगितलं नाही. श्रुतिका दोन दिवस भांडली. तिसऱ्या दिवशी तिनं अन्वीच्या कपड्यांवर नावाच्या पट्ट्या शिवायला घेतल्या.

शाळेतून रविवारी दहा मिनिटं फोन करता यायचा. अन्वी दर रविवारी रडायची.

"आई, मला घेऊन जा. इथं मला नाही आवडत. माझ्या पोटात दुखतं."

"कुठं दुखतं, बाळा?"

"खाली. उजवीकडं. सर म्हणतात, घरची आठवण येते म्हणून दुखतं."

श्रुतिकाच्या काळजाचं पाणी व्हायचं. फोन ठेवल्यावर ती पदराआड रडत राहायची. "मी उद्याच जाते, डॉक्टरांना दाखवते तिला," असं ती अभिनंदनला सांगायची. सोमवारी तिला ते बोलणं आठवायचं. जायला हवं, हेही कळायचं. पण आज नमुने जास्त आहेत, शनिवारी जाऊ, असं व्हायचं. शनिवारी आणखी काही निघायचं. जे रविवारी दुपारी छातीवर धोंड्यासारखं असे, ते बुधवारपर्यंत कामांच्या यादीतलं सातवं काम होऊन जाई.

असे पाच रविवार गेले. सहाव्या रविवारी अन्वी रडली नाही. पोटाचं काही बोललीही नाही. अभ्यास चांगला चाललाय म्हणाली आणि चार मिनिटांतच फोन ठेवला. श्रुतिकाला बरं वाटलं, रुळली एकदाची.

त्याच आठवड्यात शाळेतून फोन आला तो स्नेहलला. अन्वीनं घरचा म्हणून मावशीचा नंबर दिला होता. अपेंडिक्सला सूज येऊन ते फुटलं होतं, पू पोटभर पसरला होता. स्नेहलनं तिला गाडीत घालून सांगलीला आणलं आणि ऑपरेशन टेबलावर जाईपर्यंत श्रुतिकाला कळवलं नाही.

श्रुतिका हॉस्पिटलात पोचली तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. ऑपरेशन झालं होतं. पोरीच्या पोटातून दोन नळ्या बाहेर आलेल्या होत्या, ओठ पांढरे पडले होते. तिनं डोळे उघडून आईकडं पाहिलं आणि पुन्हा मिटले.

"वाचेल म्हणतात," स्नेहल म्हणाली. "अजून दोन दिवस काढायचेत." मग खालच्या आवाजात तिनं विचारलं, "पाच आठवडे ती तुला सांगत होती, श्रुती. तू काय करत होतीस?"

 श्रुतिका खाटेचा दांडा धरून उभी राहिली. पाचही रविवार तिच्यापुढं ओळीनं उभे होते, अन्वीचा एकेक शब्द होता, आणि प्रत्येक रविवारनंतरचा तो स्वच्छ, हलका बुधवार होता. अप्पांचा तिसरा दिवस आठवला. दारातली बॅग आठवली. आपण घट्ट झालो नव्हतो, हे तिला तिथं उभ्या उभ्या कळलं. आपल्याला काही लागतच नव्हतं.

आणि लगेच दुसरी गोष्ट कळली. आत्ता जे कळतंय ते उद्यापर्यंत टिकणार नाही.

ती वळली आणि दाराकडं निघाली. अभिनंदन नुकताच आला होता. त्यानं तिला बाहेरच्या व्हरांड्यात गाठलं.

"कुठं निघालीस?"

"मिरजेला. मुजावर मॅडमकडं. कांडी काढून टाकते."

त्याचा चेहरा उतरला. "वेडी आहेस का? आत पोर अशी पडलीये. तुला आता झटके सुरू झाले तर तिच्याकडं कोण बघणार? ज्या दिवशी ती घरी येईल त्या दिवशी तू तिच्यासमोर पडलीस तर?"

हे खोटं नव्हतं. श्रुतिका क्षणभर थांबली. त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. नऊ वर्षं ज्या हातांनी तिला सांभाळलं होतं तेच हात होते.

"शांत हो," तो म्हणाला. "आत्ता तिच्याजवळ बस. उद्या बोलू."

श्रुतिकानं त्याच्याकडं पाहिलं. "तुला माहीत होतं," ती म्हणाली. "कधीपासून?"

त्यानं हात काढून घेतला.

सांगलीहून मिरज स्कूटरनं वीस-पंचवीस मिनिटांवर. वाटेत ती स्वतःशी मोठ्यानं बोलत होती. उजवीकडं दुखतंय, सर म्हणतात आठवण येते म्हणून दुखतं. परत परत तेच. सिग्नलला शेजारच्या गाडीवरचा माणूस वळून बघायला लागला तरी ती थांबली नाही.

डॉ. मुजावरांनी सगळं ऐकून घेतलं.  तिचं बोलून झाल्यावर त्या पेन्सिल हातात फिरवत बसल्या.

"खूण उमटायला वेळ लागतो," त्या म्हणाल्या. "मोठा प्रसंग घडला की त्या भागात ग्लुटामेट भराभर सुटतं, नेहमीपेक्षा थोडं जास्त साचतं, आणि तेवढ्यात पेशींचे जोड पक्के होतात. मग दुखणं टिकतं. तुमच्याकडं आम्ही हमाल इतके वाढवले की माल बघून व्हायच्या आत पोतं उचललं जातंय." त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "उंदरांमध्ये असं दिसलं होतं. एकदा बसलेल्या विजेच्या धक्क्याला ते दुसऱ्या दिवशी घाबरायचे नाहीत. आम्ही अहवालात लिहिलं होतं, भीती कमी होते. चांगला परिणाम म्हणून."

"कांडी काढा."

"काढते. पण नियम आहे. रुग्णानं उपचार थांबवायचा म्हटलं की चोवीस तास विचाराला द्यायचे. उद्या याच वेळी या."

"उद्या मी येणार नाही, डॉक्टर."

"का?"

"उद्या मला यावंसं वाटणार नाही. मला सगळं आठवेल. तुमचा पत्ता आठवेल, अन्वीच्या नळ्या आठवतील. पण नमुने साठलेत म्हणून मी प्रयोगशाळेत जाईन. तुम्ही फोन केलात तर गोड बोलून पुढची तारीख घेईन." तिनं बाही वर सारून दंड पुढं केला. "आत्ता दुखतंय तोवर काढा. माझ्याकडं आजचाच दिवस आहे."

डॉक्टर उठून खिडकीपाशी गेल्या. "एक सांगू? गेल्या वर्षभरात चारजण येऊन विचारून गेलेत. तीन नवरे आणि एक सासू. घरातल्या बाईला फिट्स येत नाहीत, पण फार मनाला लावून घेते, हा उपचार करता येईल का म्हणून. मी त्यांना हाकललं. पण हे त्यांना कुठून कळलं, याचा विचार केला नव्हता."

श्रुतिकाला वाटलं, आता त्या नाही म्हणणार. डॉक्टरांनी नर्सला बोलावलं, ट्रे आणायला सांगितला, आणि फॉर्मवर विनंती केल्याच्या रकान्यात आदल्या दिवशीची तारीख घातली. पुढं चौकशीत त्यांना त्यासाठी सहा महिने काम सोडावं लागलं. दंडावर सुईनं बधिर करून त्यांनी कांडी काढली. पाच मिनिटंही लागली नाहीत.

दुसऱ्या दिवशी, तिनं सांगितलं होतं तसंच, श्रुतिकाला हलकं वाटत होतं. आपण जरा घाईच केली की काय, असंही वाटलं. पण दंडावर पट्टी होती आणि कांडी केंद्राच्या कचऱ्यात गेली होती.

वाहक कमी व्हायला सात आठवडे लागले. पहिलं जे दुखणं टिकलं ते अगदी क्षुल्लक होतं. भाजीवालीनं तिच्यावर खेकसल्याचं तिला तिसऱ्या दिवशीही लागलं होतं, आणि ते लक्षात आल्यावर ती ओट्यापाशी उभी राहून हसली आणि मग रडली. त्यानंतर मात्र हसण्यासारखं काही उरलं नाही. अप्पांचं दुःख काही परत आलं नाही. जे उमटलंच नव्हतं ते परत कुठून येणार. अप्पांचा फोटो पाहिला की तिला आपण त्यांच्यासाठी धड रडलो नाही याचंच वाईट वाटायचं. अभिनंदनचा मोबाइल वाजला की मानसीचाच असेल असं मनात यायचं, आणि ते दिवसभर जायचं नाही. दोघांना एका घरात राहणं अशक्य झालं. तिसऱ्या महिन्यात स्वयंपाकघरात तिला झटका आला आणि डावा हात भाजला. स्कूटर बंद झाली, यार्डातलं काम बंद झालं. ती जयसिंगपूरला स्नेहलकडं राहायला गेली. अन्वी बरी होऊन आधीच तिथं आली होती.

दीड वर्ष गेलं. अन्वी आता अकरा वर्षांची होती. आईशी ती नीट वागायची. विचारलं तर उत्तर द्यायची, पाणी आणून द्यायची, झटका आला तर मावशीला हाक मारून आईला एका कुशीवर वळवून धरायची. पण आपल्याला कुठं दुखतंखुपतं ते ती फक्त स्नेहलला सांगायची. एकदा श्रुतिकानं धीर करून विषय काढला.

"तुला माझा राग येतो?"

"नाही," अन्वी म्हणाली. "तू खोटं रडायची नाहीस, मला माहितीये. मावशीनं सांगितलंय मेंदूचं. पण मला तेव्हा त्याचा काही उपयोग नव्हता ना."

श्रुतिकानं मान हलवली. ते वाक्य महिनोन्महिने तिच्याबरोबर राहिलं.

अभिनंदन दर रविवारी मुलीला भेटायला यायचा. मानसी केव्हाच बदली घेऊन गेली होती. तो वाळला होता. ऑपरेशनच्या दिवसापासून त्याची झोप गेली होती, आणि ज्या व्हरांड्यात त्यानं बायकोच्या खांद्यावर हात ठेवला होता तो व्हरांडा त्याला दिवसाही दिसायचा. तो मुलीला रोज सकाळी फोन करायचा, तिच्या प्रत्येक तपासणीला हजर असायचा, पथ्याच्या वस्तू शोधून आणायचा. अन्वी त्याच्याशीही नीट वागायची.

एका रविवारी त्यानं जाताना श्रुतिकाला अंगणात थांबवलं आणि पिशवीतून एक कागद काढला.

"नवीन कायद्यानं आता फिट्स नसलेल्यांनाही तो उपचार मिळतो," तो म्हणाला. "फार त्रास होत असेल तर. बंगळूरला करतात. घरातल्या एका माणसाची सही लागते. आपला घटस्फोट झालेला नाही, म्हणजे तुझीच." तो तिच्याकडं न बघता बोलत होता. "मला सहन होत नाही, श्रुती. मी औषधं घेतली, समुपदेशन झालं. काही होत नाही. मी तुझ्यासाठी काय काय केलंय तेवढं आठव आणि सही दे."

श्रुतिकानं कागद पूर्ण वाचला. त्यानं जे केलं होतं ते तिला आठवत होतं, रिक्षात गालावर फिरणारा रुमालसुद्धा. तिनं कागदाची घडी घालून त्याच्या हातात दिली.

"नाही."

"सूड घेतेयस?"

"हो," ती म्हणाली. "पण तेवढ्यासाठीच नाही. तुला दुखतंय म्हणून तू तिला रोज फोन करतोस. दुखायचं थांबलं की काय होतं ते मला माहीत आहे. पहिला आठवडा तू करशील. मग नमुने साठतील."

त्याला नमुन्यांचं कळलं नाही. त्यानं विचारलंही नाही. फाटक उघडून तो गेला.

अन्वी पुढच्या खोलीत गणितं सोडवत बसली होती. खिडकीतून तिला सगळं दिसलं होतं.

"बाबांनी काय आणलं होतं?"

श्रुतिकानं खरं ते सांगितलं. आता तिच्याशी खोटं बोलायचं नाही असं तिनं ठरवलं होतं.

"आणि तू सही नाही केलीस?"

"नाही."

अन्वीनं पेन्सिलीचं टोक बघितलं. "मग त्यांना किती दिवस दुखेल?"

"सांगता येत नाही. कदाचित कायमचं."

"बरं," अन्वी म्हणाली, आणि पुढचं गणित लिहायला घेतलं.

त्या 'बरं'मध्ये थंड, पक्कं समाधान होतं, अकरा वर्षांच्या मुलीच्या आवाजात असू नये असं. श्रुतिका दाराशी उभी होती. ते तिच्या आत खोल शिरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठली तेव्हाही ते तिथंच होतं.